नकाशातली माणसं उभी राहत नाहीत

माझ्या साडूला सगळे ठिणगी म्हणत. वेल्डर होता म्हणून नव्हे, वेल्डर पुष्कळ असतात. एखादी गोष्ट लागली की ती त्याच्या आत विझत नसे, म्हणून. एकदा एका मुकादमाने चारचौघांत त्याच्या कामाला नावं ठेवली. "हे वेल्डिंग आहे की चिमणीने घाण केलीय?"  दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मुकादम आपलं लोखंडी स्टूल ओढायला गेला, तर ते जागचं हलेना. खालच्या प्लेटला चारही पायांशी वेल्डिंगचे टाके मारून ठेवलेले. मुकादम ओढतोय, लाल होतोय, बाकीचे तोंडात रुमाल कोंबून उभे. शेवटी ठिणगी शांतपणे जवळ गेला. म्हणाला, "चिमणीचं काम आहे साहेब. ओढा, निघेल."

ही गोष्ट मी आधी सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात मी त्याला साथ दिली, आणि तो कसला माणूस आहे हे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

त्याची बायको माझ्या बायकोची धाकटी बहीण. नवं फुटबॉल स्टेडियम बांधायला घेतलं तेव्हा मी तिथे स्टोअरकीपर होतो. रेलिंगच्या कामाला चांगला वेल्डर हवा होता, मी त्याचं नाव सुचवलं. तो उड्या मारतच आला. जुन्या मैदानावर गोलच्या मागे सिमेंटच्या पायऱ्या होत्या, तिथे तिसऱ्या पायरीवर, दिव्याच्या खांबाला टेकून, हा बावीस वर्षं उभा राहिलेला. बसायची सोय नव्हतीच. बसायचं कुणाच्या मनातही येत नसे. "साडूभाऊ," तो मला म्हणाला, "आता मी ज्या दांडीला टेकणार ती माझ्याच हातची असणार."

स्टेडियम झालंही तसंच. उगाच नावं ठेवणार नाही. वर सरकणारं छप्पर, त्यामुळे आरडाओरडा बाहेर न जाता फिरून अंगावर येतो आणि दहा हजार माणसं चाळीस हजारांसारखी वाटतात. खाली गवताचं अख्खं मैदान एका प्रचंड ट्रेवर. सामना नसला की ते सरकून बाहेर उन्हात जातं आणि आतल्या फरशीवर गाण्यांचे कार्यक्रम होतात, यंत्रांची प्रदर्शनं भरतात, एकदा तर परीक्षाही झाल्या. उठलं की आपोआप मिटणाऱ्या खुर्च्या. चार मजली इमारतीएवढा पडदा. लोक नुसतं बघायला येत.

आणि मधल्या बाजूला, खालच्या रांगा संपतात तिथे, व्हीलचेअरवाल्यांसाठी एक लांब कट्टा.

रेलिंग लावायची ठिणगीची एक पद्धत होती. आधी नुसते टाके मारायचे, म्हणजे ते काढता येतात. मग दांडीमागे माणूस बसवायचा आणि विचारायचं, काय दिसतं? त्याचं समाधान झालं तरच पक्कं वेल्डिंग. माणूस मिळाला नाही तर स्वतः बसायचा. कट्ट्याची दांडी लावताना त्याने रंगाचे डबे एकावर एक रचले, व्हीलचेअरच्या उंचीवर बसला आणि पुढच्या रांगेत दोन मजुरांना बसवलं. मैदान छान दिसलं. मग त्याने त्यांना उभं राहायला सांगितलं. मैदान गेलं. समोर दोन पँटी.

त्याने दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, सरळ आर्किटेक्टसाहेबांना गाठलं. साहेब राउंडवर होते, कानावर नेहमीसारखी पेन्सिल. मी तिथेच बोल्टची मोजणी करत होतो.

"साहेब, कट्टा हातभर तरी वर घ्यावा लागेल. पुढचे उभे राहिले की मागे काही दिसत नाही."

साहेबांनी नकाशा उघडून दाखवला. डोळ्यापासून मैदानापर्यंत एक तिरपी रेघ होती, अगदी स्वच्छ. पुढच्या रांगेत छोटी छोटी माणसं काढलेली, सगळी बसलेली. "पुढचे बसलेले असतील. खुर्च्या कशाला दिल्यात?"

"साहेब, गोल झाल्यावर कोण बसून राहतं हो?"

बरोबरचे दोन इंजिनिअर हसले. साहेबांना ते आवडलं नसावं. पेन्सिल कानावरून काढून त्यांनी ठिणगीच्या छातीवर टेकवली. "तू ठिणग्या उडव. विचार आम्ही करतो."

त्या दिवसापासून ठिणगीने त्यांचं नाव पेन्सिल ठेवलं. छातीवर जिथे ती टेकली होती तिथे तो कधीकधी बोट ठेवायचा. मी म्हटलं, सोडून दे रे. तो म्हणाला, "सोडतो की. सापडू दे आधी."

दोन महिन्यांनी वरच्या मजल्यावर काम करताना त्याच्या पायाखालची फळी निसटली. तो वाचला. कमरेखालचा भाग मात्र लुळा पडला.

स्टेडियम सुरू झालं तेव्हा मी पास विभागात लागलो होतो. कंपनीने ठिणगीला जन्मभराचा पास दिला, कातडी पाकिटात घालून. त्यावर जागेचा नंबर छापला होता. तोच कट्टा, बरोबर मधली जागा. ज्याने तो पाठवला त्याला यातलं काही ठाऊक नसणार. ठिणगीने पाकीट उघडून बराच वेळ बघितलं आणि हसायला लागला. माझी मेहुणी रडायला लागली. मला कुठे बघावं कळेना.

पहिल्या सामन्याला मीच त्याला घेऊन गेलो. सतराव्या मिनिटाला आपल्या संघाचा चेंडू गोलपाशी पोचला. पुढची माणसं उठली, त्यांच्या पुढची उठली, आणि आमच्यासमोर पाठींची भिंत उभी राहिली. गोल झाला तो त्या भिंतीपलीकडे. पडदाही दिसेना, कारण कट्ट्याच्या डोक्यावर वरच्या मजल्याची कडा येते आणि पडद्याचा वरचा भाग ती कापते, खालचा भाग माणसं. उजवीकडच्या व्हीलचेअरवर एक शाळेतल्या बाई होत्या. त्या टाळ्या वाजवत होत्या. कशाला वाजवताय विचारलं तर म्हणाल्या, "सगळे वाजवतायत म्हणून."

घरी मेहुणीने दारातच विचारलं, "काय झालं?"

"दोन ऐकले," ठिणगी म्हणाला.

चार वर्षं असंच. तो एकही सामना चुकवत नसे. मला वाटायचं, जाऊच नये, घरी टीव्हीवर बघावं. एकदा तसं बोललो. तो म्हणाला, "घरी बसलो तर पेन्सिल जिंकला." आवाजावरून तो सांगायचा, हा डोक्याने मारला, हा पेनल्टीचा. बहुतेक वेळा बरोबर निघे. "साडूभाऊ, एकसष्ट गोल ऐकलेत मी. आंधळ्यांसाठी स्टेडियम बांधलंय आणि त्यांनाच सांगायला विसरलेत." त्याने अर्ज केले, पाच-सहा तरी. प्रत्येकाचं उत्तर एकच यायचं, सोबत नकाशाची प्रत. तिरपी रेघ, बसलेली माणसं. ती उत्तरं त्याने पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवली होती. सकाळी उठल्या उठल्या तीच दिसत. मेहुणी मला म्हणायची, "भावजी, तुम्ही तरी समजवा. हे झोपेतसुद्धा दात खातात."

मी समजावलं नाही. मी भित्रा माणूस. कुणाला ओरडून बोललेलो नाही. पण रोज तोच नकाशा, तीच रेघ बघून माझ्याही आत काहीतरी जमा होत गेलं असावं.

मग बक्षीस जाहीर झालं. स्टेडियमच्या रचनेला, आणि विशेष उल्लेख काय, तर सर्वांना सामावून घेणारी जागा. मोसमाच्या शेवटच्या सामन्याआधी दुपारी मैदानाच्या मधोमध आर्किटेक्टसाहेबांचा सत्कार होणार होता.

आठ दिवस आधी त्यांच्या ऑफिसातून मला फोन आला. साहेबांच्या आई येणार आहेत, त्या व्हीलचेअरवर असतात, पाहुण्यांच्या कक्षात नेता येईल ना? कक्षाच्या दारात दोन पायऱ्या होत्या, संगमरवरी, दिसायला छान. मी ते सांगितलं. उचलून नेऊ, ते म्हणाले. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. "आई म्हणतात, मी काही पोतं नाही. दुसरी सोय काय?"

दुसरी सोय होती. मैदानाच्या कडेला, खेळाडू बाहेर येतात त्या वाटेशेजारी, सपाट जागा. एक सही लागली असती, तीही माझीच. मी म्हणालो, कळवतो. संध्याकाळी ठिणगीला सांगितलं.

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. भुकेल्या माणसापुढे ताट यावं तसं.

"माझ्या शेजारी बसवा तिला."

"अरे, म्हातारी बाई आहे. तिने काय केलंय?"

"मी काय केलं होतं?" तो म्हणाला. "आणि मी काही करणार नाहीये साडूभाऊ. कुणाला ढकलणार नाही, कुणाला उभं राहा सांगणार नाही. पेन्सिलच्या आईला पेन्सिलने बांधलेल्या जागी बसवा, बास. एवढं तरी माझ्यासाठी करा."

दुसऱ्या दिवशी मी जागा कळवली. पलीकडून विचारलं, "तिथून दिसतं ना नीट?"

मी म्हणालो, "साहेबांच्या नकाशात तर उत्तम दिसतं."

 फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, हे खरं.

सत्काराच्या दिवशी त्या आल्या. चौऱ्याऐंशीच्या, बारीक, केस नीट विंचरलेले, मांडीवर पर्स आणि हातात काठी, चालता येत नसूनही. बरोबर त्यांना सांभाळणारी बाई. ठिणगी आधीच येऊन बसला होता, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी मागे दारापाशी उभा.

समोरच्या रांगा अजून बसलेल्या होत्या आणि मैदान पूर्ण दिसत होतं, हिरवंगार.

"काय सुंदर!" त्या म्हणाल्या. मग ठिणगीकडे वळून, "माझ्या मुलाने केलंय हे सगळं."

"माहितीय."

"तुम्ही नेहमी येता?"

"एकही सामना चुकवत नाही."

"चांगलं दिसतं ना इथून?"

ठिणगीने मैदानाकडे हात केला. "आज तुम्हीच बघा आणि सांगा."

त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पदराने पुसला. "डोळ्याचं ऑपरेशन मुद्दाम आधी करून घेतलं. डॉक्टर म्हणाले घाई काय, पुढच्या महिन्यात करू. म्हटलं नाही, मला त्याला बघायचंय, घेताना."

मी ते ऐकलं आणि माझ्याच्याने राहवेना. लिफ्टने खाली जायला चार मिनिटं लागतात. मी वाकून ठिणगीच्या कानात म्हणालो, "नेऊ का खाली? अजून वेळ आहे."

तो समोर बघत राहिला. बोट छातीवर. "बसू दे."

आणि मी गप्प बसलो. तिथे मी दोषी आहे, त्याच्याइतकाच.

निवेदकाने साहेबांचं नाव घेतलं. त्याच वेळी दोन्ही संघ बोगद्यातून बाहेर पडायला लागले. सगळं स्टेडियम उठलं.

"काय झालं? उठले का सगळे?" त्या म्हणाल्या. "अहो, बसा ना! माझा मुलगा आहे तो!" छपराखालच्या त्या आवाजात त्यांचं कुणाला ऐकू जाणार? त्यांनी काठीने पुढच्या माणसाला टोचलं. संघाचा शर्ट घातलेला आडवा माणूस. तो वळला, हसून म्हणाला, "आजी, टीम आली, टीम!" आणि पुन्हा समोर बघायला लागला. त्या डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या. हाताने खुर्ची रेटून स्वतःला वर उचलायचा प्रयत्न केला. सांभाळणारी बाई उभी होती, तिला दिसत होतं. ती म्हणाली, "देतायत हं... दिलं! आई, हात हलवला त्यांनी, इकडे बघून!"

लोक बसले तेव्हा साहेब परत चालले होते. त्यांची पाठ दिसली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," ठिणगी म्हणाला.

"तुम्हाला दिसलं?"

"आजी, मला इथून चार वर्षांत एकही गोल दिसलेला नाही."

आणि त्याने सगळं सांगितलं. डबे, दोन पँटी, पेन्सिल, पडणं, पास, भिंतीवरची उत्तरं. आवाज चढवला नाही, पण एक शब्द गाळला नाही. ऐकताना त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"म्हणजे मला दिसणार नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी बसू दिलंत."

"हो."

त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. तो मात्र घालेना. "चांगलं केलंत असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही. त्याला वर बोलवा."

साहेब आले ते हसतच, हातात काचेचं सन्मानचिन्ह. "आई, बघितलंस? मी हात केला तुला!"

"बस," त्यांनी सांभाळणाऱ्या बाईची बुटकी घडीची खुर्ची दाखवली.

"आई, खाली पाहुणे थांबलेत—"

"बस म्हणते ना!"

ते बसले. साहेबांनी ठिणगीला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. सामना सुरू झाला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साहेबांचं दोनदा घड्याळ बघून झालं. बाराव्या की तेराव्या मिनिटाला एक चेंडू डाव्या बाजूने आत गेला, सगळं स्टेडियम श्वास रोखून उठलं आणि मग फुटलं. समोर पुन्हा तीच भिंत. साहेबही सवयीने अर्धे उठले. आईने त्यांच्या कोटाची बाही धरून खाली ओढलं.

"बस. आम्ही उठत नाही."

ते बसले. समोर तो आडवा माणूस उड्या मारत होता. त्याच्या पँटीचा मागचा खिसा फाटलेला होता, तो साहेबांच्या नाकासमोर वरखाली होत होता.

ठिणगी हळूच त्यांच्याकडे झुकला. "साहेब, गोल कुणी मारला?"

साहेबांनी मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला.

"नकाशात बघून सांगा की."

आई समोर बघत म्हणाल्या, "तुझा सत्कार बघायला आले होते. लोकांच्या पँटी बघून चालले." आणि बाईला म्हणाल्या, "चल गं."

साहेब त्यांच्या मागे गेले. सन्मानचिन्ह घडीच्या खुर्चीवर राहिलं. ते मीच नंतर ऑफिसात जमा केलं.

मोसम संपल्यावर कट्टा उंच करायचा हुकूम आला. अर्ज नाही, नकाशा नाही, काही नाही. ठिणगीने निरोप पाठवला की टाके मी मारणार आणि माणूस मी बसवणार. माणूस कोण, तेही त्याने कळवलं.

मला वाटलं नव्हतं येतील म्हणून. आले. सकाळी दहाला, पेन्सिलशिवाय. एक जादा व्हीलचेअर आणून ठेवली होती. पुढच्या तीन रांगांत चाळीस मजूर बसवले होते.

"नियम एकच," ठिणगी म्हणाला. "आम्ही उठत नाही. तुम्हीही उठायचं नाही."

साहेब व्हीलचेअरवर बसले. छप्पर उघडं होतं आणि ऊन थेट डोक्यावर. जॅकने कट्ट्याचा सांगाडा चार बोटं वर घेतला, ठिणगीने आपल्या खुर्चीतूनच वाकून टाके मारले, आणि ओरडला, "गोल!" चाळीस माणसं उठली.

"दिसतंय?"

"नाही."

टाके तोडले. पुन्हा चार बोटं. "गोल!" मजुरांना मजा यायला लागली होती, ते उड्या मारायला लागले. "दिसतंय?" "नाही." तिसऱ्यांदा टाके मारल्यावर ठिणगीने हातमोजे काढले. "चहा घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. सावकाश गेला, लिफ्टने, खालच्या कॅन्टीनमध्ये. मी त्याच्याबरोबर होतो. त्याने चहा थंड करून प्यायला, एक नाही, दोन. मला म्हणाला, "बघून या, उठलाय का."

मी जाऊन बघितलं. मजूर सावलीला जाऊन बसले होते. साहेब उन्हात एकटे, दोन्ही हात खुर्चीच्या चाकांवर. कोट घामाने पाठीला चिकटलेला. ते उठले नव्हते.

मी परत येऊन सांगितलं. ठिणगीने कप खाली ठेवला. "बरं," एवढंच म्हणाला. जरा नाराज झाल्यासारखा वाटला.

पाचव्या वेळी साहेब म्हणाले, "दिसतंय. पूर्ण दिसतंय." ठिणगी स्वतःच्या खुर्चीतून बघत होता. त्यालाही दिसत होतं, त्याच्या डोळ्यांवरून मला कळलं.

"मला नाही दिसत," तो म्हणाला. "अजून चार बोटं."

ती चार बोटं सुडाची. कट्टा हवा त्यापेक्षा तेवढा उंच आहे आजही. कुणाची तक्रार नाही.

काम झाल्यावर ठिणगीने मला आजींना फोन करायला लावला. आता दिसतं, म्हणावं, या. शेजारची जागा ठेवलीय. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला फुटबॉलमधलं काही कळत नाही हो. जे बघायचं होतं ते होऊन गेलं."

मी त्याला जसंच्या तसं सांगितलं.  तो म्हणाला, "तिचं खरं आहे." आणि थोड्या वेळाने, "त्याला मात्र माफ केलेलं नाही मी. कळवा."

मी कुणाला काय कळवणार?

नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला आम्ही गेलो. शेजारची जागा रिकामीच होती. शाळेतल्या बाई पलीकडे होत्या. नवव्या मिनिटाला लोक उठले, आणि त्यांच्या डोक्यांवरून आम्हाला जाळीत शिरणारा चेंडू स्वच्छ दिसला. गोल समोरच्या संघाचा होता. आपला गोलकीपर भलत्याच बाजूला पडला होता. ठिणगीने त्याला अशा शिव्या घातल्या की बाईंनी कानांवर हात ठेवले. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याने बघून शिव्या घातल्या होत्या.